अर्धे बक्कल : डनोलीजवळच्या जुन्या सुवर्णक्षेत्रातील एक प्रकरण

गेल्या ऑगस्टमध्ये, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील डनोली गावाजवळच्या सरकारी जंगलात मेटल डिटेक्टर घेऊन सोने शोधत असताना मला पट्ट्याच्या पितळी बकलाचा अर्धा भाग सापडला. जुन्या सुवर्णक्षेत्रांत बकले सापडणे नवलाचे नाही. सोन्याच्या मानाने तीच अधिक सापडतात, असे म्हणायलाही हरकत नाही. तरीही या एका तुकड्याचे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले, कारण त्याच्याविषयी मी पहिल्या दिवशी जे ठामपणे बोललो त्यातले जवळपास सगळे महिन्याभरात चुकीचे ठरले. ते चुकीचे ठरवणारा पुरावा बकलाच्या देखण्या बाजूवर कुठेच नव्हता. काही त्याच्या पाठीवर होता आणि उरलेला आसपासच्या मातीत.

मी मेलबर्नला राहतो आणि सवड मिळेल त्या शनिवार-रविवारी या जंगलांत जातो. त्या दिवशी माझ्यासोबत एक निवृत्त फिटर होते. वय सत्तरीच्या पुढे, आणि चाळीसएक वर्षे याच भागात डिटेक्टर फिरवलेला. यंत्र कसे ऐकायचे ते मला त्यांनीच शिकवले. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नुसत्या नावाने हाक मारतो, पण मराठीत लिहायला बसले की त्यांचा उल्लेख आपोआप आदरार्थी होतो, तो तसाच राहू देतो.

जागा

व्हिक्टोरिया ही १ जुलै १८५१ रोजी न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झालेली वसाहत. त्याच महिन्यात क्लून्स येथे सोने सापडल्याची बातमी फुटली आणि वर्ष संपायच्या आत बॅलरॅट, माउंट अलेक्झांडर व बेंडिगो या तिन्ही ठिकाणी माणसांची झुंबड उडाली. १८५१ मध्ये सुमारे ७७ हजार असलेली वसाहतीची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे ५ लाख ४० हजारांवर गेली. डनोलीची मोठी झुंबड त्यामानाने उशिराची, १८५६ ची. पुढे ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जवळच्या मोलियागुल येथे जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना झाडाच्या मुळांपाशी, जमिनीखाली जेमतेम काही सेंटिमीटरांवर, ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सोन्याचा गोळा सापडला. त्यातून सुमारे ७२ किलो शुद्ध सोने निघाले. तो तोलायला गावातल्या बँकेचा तराजू पुरेना, म्हणून तो ऐरणीवर ठेवून फोडावा लागला. सोने इतके वर असते ही त्या घटनेने पटवलेली गोष्ट आजही माणसांना या जंगलात ओढून आणते, आणि माझ्यासारखे जे येतात त्यांच्या हाती बहुधा शिशाचे छर्रे लागतात.

जंगल म्हणजे काळपट सालीच्या आयर्नबार्क आणि बॉक्स जातीच्या निलगिरीचे विरळ रान. जमीन कुठेही सपाट म्हणून नाही. दर चार पावलांवर खचलेला खड्डा आणि त्यातून उपसलेल्या मातीचा ढीग. मधूनच वीसएक फूट व्यासाचा एक गोल चर दिसतो, ज्याच्या मध्यभागी मातीचा उंचवटा राखलेला असतो. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या किंवा देवळांच्या बांधकामापाशी चुन्याची घाणी पाहिलेल्या माणसाला त्याचा उपयोग सांगावा लागत नाही: घोडा गोल फिरायचा, चरात पाणी आणि चिकणमाती घोळली जायची, आणि जड सोने तळाशी बसायचे. आमचे बक्कल ज्या ढिगात सापडले तो अशाच एका चरापासून साठ पावलांवर होता.

या ढिगांबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचा सगळा तर्क तिच्यावर उभा आहे. एकदा उकरलेली माती इथे एकदाच उकरली गेली असेल, असे समजता येत नाही. पहिल्या झुंबडीनंतर मागे राहिलेल्यांनी, त्यांच्यामागून आलेल्या चिनी खोदकऱ्यांनी, आणि पुन्हा १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार माणसांनी हेच ढीग पुन:पुन्हा धुऊन काढले आहेत. ढिगात सापडलेली वस्तू म्हणूनच तिथे पडलेली असेलच असे नाही. ती तिथे येऊन पडलेली असते.

सापडले तो दिवस

आमची यंत्रे पल्स इंडक्शन पद्धतीची होती. कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाला असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, विजेचे तोकडे झटके जमिनीत सोडले जातात, आणि झटका थांबल्यावर जमिनीतल्या धातूत उठलेला प्रवाह किती वेळात विरतो ते यंत्र टिपते. डनोलीकडची माती लोहयुक्त, इतकी की साध्या यंत्राला तिथले लाल दगडही धातूसारखे वाटतात. ॲडिलेडच्या मिनलॅब कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यात सोन्यासाठी या पद्धतीची यंत्रे आणली तेव्हापासून अशा मातीत खोलवर ऐकता येऊ लागले. मात्र त्याबदल्यात धातू ओळखण्याची सोय जवळजवळ गेली. कानात येणाऱ्या आवाजावरून वस्तू लहान-पातळ की मोठी-जाड एवढाच अंदाज बांधता येतो. ती सोने, शिसे की पितळ हे कुदळच सांगते.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी एकतीस खड्डे घेतले होते. त्यातले चौदा शिशाच्या गोळ्या व छर्ऱ्यांचे, बाकी बुटांचे खिळे, पत्र्याचे कपटे आणि शीतपेयाच्या डब्याची एक आधुनिक कडी. सोने म्हणाल तर एक कण, ०.३ ग्रॅमचा. बत्तिसाव्या वेळी हेडफोनमध्ये आवाज आधी खाली गेला, मग वर चढला, मग पुन्हा खाली आला. मोठी किंवा जाड वस्तू असा त्याचा अर्थ. १९८० मध्ये याच पट्ट्यातल्या किंगावर येथे एका माणसाला डिटेक्टरने २७ किलोचा ‘हँड ऑफ फेथ’ सापडला होता, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे, आणि असा आवाज आला की ते आठवल्यावाचून राहत नाही. मी भराभर खणले. वीतभर खोलीवर हिरवी कड दिसली आणि ती मी बोटांनी उपसून काढली.

इथे या प्रकरणातली माझी पहिली चूक. वस्तू जागेवर असताना तिचे छायाचित्र घ्यायचे, शेजारी मोजपट्टी ठेवायची, ती कोणत्या थरात आणि कोणत्या बाजूला तोंड करून होती ते लिहायचे, हे मला माहीत होते. हिरवा रंग दिसल्याबरोबर सोने नाही हे कळले, आणि सोने नाही म्हटल्यावर शिस्तही सुटली. पुढे जेव्हा ‘नेमके कुठे’ हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा ठरला तेव्हा माझ्याकडे होता तो अर्ध्या मीटरच्या आसपासचा अंदाज, आणि खोलीचा आकडाही खड्डा बुजवल्यावर आठवून लिहिलेला.

वस्तू अशी होती: ओतीव पितळेची गोल चकती, व्यास ४८ मिलिमीटर, वजन २७ ग्रॅम. पुढच्या बाजूला उठावाचे चित्र, त्यात टोपी घातलेला फलंदाज बॅट उभी धरून स्टंपांपुढे उभा. एका कडेला पट्टा ओवायची आडवी कडी, आणि विरुद्ध कडेला लहानसे भोक असलेला कान. हा कान पाहिल्यावर ते बकलाचे अर्धेच आहे हे उघड झाले. अशा बकलाचे तीन भाग असतात: दोन चकत्या आणि त्यांना जोडणारा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा सापाच्या आकाराचा आकडा. सापाचे शेपूट एका चकतीत कायमचे अडकवलेले असते आणि तोंड दुसऱ्या चकतीच्या कानात अडकवायचे असते. माझ्या शाळेच्या गणवेशातल्या इलॅस्टिकच्या पट्ट्याला नेमका हाच साप होता, आणि तो इतक्या लांबून, इतक्या काळातून आला असेल याची तेव्हा कल्पना नव्हती.

माझे सोबती तुकडा पाहून म्हणाले, ‘रश’मधल्या खोदकऱ्याचा पट्टा. मी होकार दिला आणि त्या संध्याकाळी घरच्यांना छायाचित्र पाठवताना खाली लिहिलेही, की १८५६ च्या सोन्याच्या झुंबडीतले बक्कल. पुण्याहून भावाने लगेच विचारले, बक्कल ठीक आहे, पण बक्कळ मिळतील का? नाही मिळणार, हे खरे उत्तर. जोडी पूर्ण असती तर हौशी संग्राहकाने काही दिले असते. अर्ध्याला कोणी विचारत नाही.

पाठ वाचणे

पुढच्या आठवड्यात मी बक्कल उलटे करून भिंगाखाली धरले. त्याआधी एक मोह आवरावा लागला. पितळ म्हटले की आपल्या हाताला चिंच आठवते. समई आणि घंगाळे तिनेच तर लखलखतात. जमिनीतून निघालेल्या पितळेला मात्र चिंच, लिंबू आणि बाजारातली कुठलीही घासायची पावडर वर्ज्य समजावी. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. दीडशे वर्षे मातीत राहिलेल्या पितळेतले जस्त आधीच काही प्रमाणात झिरपून गेलेले असते, आणि आम्ल लागले की उरलेला पृष्ठभाग गुलाबी, सच्छिद्र होऊन उठावाची टोके विरघळतात. वरचा हिरवा-तपकिरी थर म्हणजे घाण नव्हे, जुना पृष्ठभाग त्याच थरात टिकलेला असतो. मी ऊर्ध्वपातित पाणी आणि बांबूची टोकदार काडी एवढ्यावर भागवले, आणि त्याचा मोबदलाही मिळाला. पट्टा ओवायच्या कडीच्या आत चामड्याचे काळे तंतू चिकटलेले होते. चामडे मातीत टिकत नाही, पण तांब्याचे क्षार जंतूंना मारक असल्याने पितळेला चिकटलेला तेवढाच भाग कधीकधी राहतो. मी घासले असते तर ते पहिल्या दोन मिनिटांत गेले असते.

पाठीवर, कडीच्या खाली, एक झिजलेला चौकोन होता. नखाएवढा, टोकावर उभा. ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या रचनांवर अशी शंकरपाळ्याच्या आकाराची खूण उमटवण्याची पद्धत होती. वरच्या टोकावर एक वर्तुळ आणि त्यात पदार्थाचा वर्ग रोमन आकड्यात. धातूचा वर्ग पहिला. आतल्या चार कोपऱ्यांत वर्ष, महिना, दिवस आणि नोंदणीच्या गठ्ठ्याचा क्रमांक. वर्ष आणि महिना ठरावीक पण मुद्दाम उलटसुलट केलेल्या अक्षरांनी सांगितलेले असतात. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात असे. १८६८ पासून ते उजवीकडे गेले आणि वर दिवसाचा आकडा आला. म्हणजे अक्षर वाचता आले नाही तरी वर अक्षर आहे की आकडा, एवढ्यावरूनही काळाचे दोन तुकडे करता येतात.

माझ्या तुकड्यावर एक अक्षर बऱ्यापैकी शाबूत होते. मी ते ‘एन’ वाचले आणि १८६४ असे लिहून मोकळा झालो. दोन दिवसांनी लक्षात आले की मी बक्कल आडवे धरले होते. ‘एन’ आडवा केला की ‘झेड’ होतो, आणि चौकोन टोकावर उभा असल्याने कुठली बाजू वर हे चटकन समजत नाही. वर्गाचे वर्तुळ मात्र नेहमी वरच्या टोकालाच असते. ते वर्तुळ तिरप्या उजेडात शोधून वर धरले तेव्हा अक्षर स्वच्छ ‘झेड’ निघाले, तेही वरच्या कोपऱ्यात. ‘झेड’ म्हणजे १८६०. १८६८ नंतरच्या आवर्तनात हे अक्षर आलेच नाही, त्यामुळे दुसरा पर्याय उरत नाही. उजव्या कोपऱ्यात आकड्याचा अवशेष आहे, तोही या मांडणीशी जुळतो. महिन्याचे अक्षर पूर्ण झिजले आहे.

एका अक्षराने १८५६ चा खोदकरी निकालात निघाला. ही रचना लंडनला १८६० साली नोंदवली गेली, बक्कल त्यानंतर ओतले गेले, जहाजाने मेलबर्नला आले, दुकानात विकले गेले, कमरेला राहिले आणि मग हरवले. डनोलीची पहिली झुंबड तोवर ओसरली होती. आणि ही तारीख फक्त खालची हद्द आहे. नोंदणीचे संरक्षण काही वर्षांपुरतेच असले तरी साचा तोच राहिला की खूणही तीच उमटत राहते; १८६० च्या साच्यातून १८७० मध्ये ओतलेले बक्कल पाहून दोन्हींतला फरक सांगता येणार नाही.

त्यानंतर मी दुसरा घाईचा निष्कर्ष काढला, तो क्रिकेटचा. इंग्लंडचा पहिला संघ ऑस्ट्रेलियात आला तो १८६१-६२ च्या मोसमात, एच. एच. स्टीफन्सन यांच्या नेतृत्वाखाली, मेलबर्नचे खानपान व्यावसायिक स्पायर्स आणि पाँड यांच्या खर्चाने. १ जानेवारी १८६२ रोजी त्यांचा पहिला सामना मेलबर्नच्या मैदानावर सुरू झाला, व्हिक्टोरियाच्या अठरा खेळाडूंविरुद्ध. पुढे ते बॅलरॅट, बेंडिगो आणि कॅसलमेन या सोन्याच्या गावांतही खेळले. सोन्याची गावे, फलंदाजाचे बक्कल आणि साल इतके जवळचे: कथा स्वतःच जुळून येत होती, आणि मराठी माणसाला ती आवडायला वेळ लागत नाही. पण रचना नोंदवली गेली ती दौऱ्याच्या आधी. क्रिकेटपटू त्या काळी पँट सावरायला रुंद पट्टा वापरत, अशी चित्रे असलेले पट्टे इंग्लंडमध्ये दुकानांत सर्रास मिळत, आणि मुलांमध्येही ते लोकप्रिय होते. आज क्रिकेटपटूच्या नावाचा टी-शर्ट घातलेला प्रत्येक जण फलंदाज नसतो, तसेच हेही. माझ्या तुकड्याच्या कडीतून फक्त ३२ मिलिमीटर रुंदीचा पट्टा जातो. हा पट्टा मोठ्या माणसाचा असू शकतो, बारा-चौदा वर्षांच्या मुलाचाही असू शकतो, आणि माझ्या मते दुसरी शक्यता थोडी जड आहे.

सापाचा आकडा काळ ठरवायला काहीच मदत करत नाही, हेही नमूद करतो, कारण अनेक जण त्यावरून सैनिकी पट्टा असे सांगून मोकळे होतात. ब्रिटिश सैनिकांच्या पट्ट्यांना तो होता हे खरे. अमेरिकेतल्या १८६१-६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याने इंग्लंडहून मागवलेल्या रायफलींसोबत आलेल्या पट्ट्यांनाही होता. मराठीत तर ‘बक्कल नंबर’ म्हटले की पोलीसच डोळ्यांसमोर येतो, आणि सुवर्णक्षेत्रातल्या पोलिसाचा विचार माझ्याही मनात येऊन गेला. परंतु फलंदाजाचे चित्र सरकारी पट्ट्यावर येण्याचे काही कारण नाही.

दुसरी खेप

सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही दोघे पुन्हा त्याच ढिगापाशी गेलो. हेतू साधा होता: साप आणि दुसरी चकती शोधायची. या वेळी वही, मोजपट्टी आणि जीपीएस आधी बाहेर काढले.

ढिगात काहीच मिळाले नाही. ढिगाच्या उताराकडून चढाकडे सरकत गेलो तेव्हा अकरा मीटरवर सिग्नल दाट झाले. पहिले दोन खणले: दोन्ही चौकोनी खिळे. गोल तारेचे खिळे शतकाच्या अखेरीकडे सर्वत्र पसरले, त्याआधीचे हे. तिसरा सिग्नल डाखाने जोडलेल्या झाकणाच्या डब्याचा पत्रा होता. मग मी खाली वाकून जमिनीकडे नुसते पाहिले, जे आधी करायला हवे होते. पालापाचोळ्यातून मातीच्या चिलमीच्या दांडीचा पांढरा तुकडा, काळसर जाड काचेचा बाटलीचा तळ, आणि त्यांच्या पलीकडे दगडांच्या तीन ओळी, उघड्या बाजूच्या चौकोनासारख्या लागलेल्या. मध्ये माती काळी. तो चुलाणा होता, म्हणजे झोपडीच्या धुराड्याचा पाया. झोपडी लाकडाची किंवा कापडाची असणार, ती केव्हाच गेली, दगड राहिले.

यानंतर प्रकरणाचे स्वरूपच बदलले. कोणाचे तरी बक्कल वाटेत पडले, असे आतापर्यंत आम्ही समजत होतो. आता दिसत होते ते घर, जिथे १८६० नंतर केव्हातरी कोणी राहिले, स्वयंपाक केला, चिलीम ओढली, आणि कदाचित मूल वाढवले. बक्कल त्या घरातून उताराने खाली गेले असावे किंवा नंतरच्या खोदकऱ्यांनी माती ढकलताना ढिगात गेले असावे. झुंबडीतला माणूस आज इथे तर उद्या पलीकडे असा तंबू हलवणारा. धुराड्याला दगड रचणारा माणूस राहायला आलेला असतो. हा माझा तर्क आहे, पुरावा म्हणावा इतके त्यात नाही, पण पहिल्या दिवशीच्या कथेपेक्षा तो अधिक टिकाऊ वाटतो.

मी कॉइल चुलाण्यावरून एकदा फिरवली. मागच्या बाजूच्या दगडांपाशी तोच आवाज आला: खाली, वर, खाली. सोबती ढिगावर बसून पाहत होते. त्यांचा हेडफोन नव्हता, पण माझा चेहरा पाहून त्यांना कळले असावे. ते म्हणाले, दुसरे अर्धे तिथेच आहे बघ. मी विचारले, काढावे का? त्यावर त्यांनी उत्तर दिले नाही. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी ते काढले असते, हे त्यांनी नंतर परतीच्या वाटेवर मोकळेपणाने सांगितले.

काढले नाही, त्याची कारणे दोन. पहिले कायद्याचे. माझ्या खिशात ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना होता. या कागदाला इतिहास आहे: १८५१ पासून खोदकऱ्यांना दरमहा पैसे भरून, सुरुवातीला ३० शिलिंग, परवाना घ्यावा लागे, सोने मिळो न मिळो, त्या जाचातून ३ डिसेंबर १८५४ ची खोदकरी आणि सरकारी सैन्य यांच्यातली युरेकाची चकमक झाली आणि १८५५ मध्ये वर्षाला एक पौंड असा हा नवा हक्क आला. आज तो दहा वर्षांसाठी मिळतो, आणि त्याच्या आधारे हातातल्या अवजारांनी सोने व इतर खनिजे शोधता येतात, सापडलेले सोने आपले होते. परंतु बक्कल हे खनिज नव्हे. व्हिक्टोरियाच्या २०१७ च्या वारसा कायद्याप्रमाणे ७५ वर्षांहून जुने अवशेष असलेली आणि भूतकाळातल्या वावराची माहिती देणारी जागा संरक्षित असते. ती सरकारी यादीत आहे की नाही याने फरक पडत नाही. अशी जागा संमतीशिवाय उकरणे गुन्हा आहे आणि सापडल्यास ती कळवावी लागते. ढिगातला सुटा तुकडा आणि दगडी चुलाणा यांत फरक आहे, आणि चुलाणा ओळखल्यावर तो ओळखला नाही असे म्हणायची सोय माझ्याकडे उरली नव्हती. शिवाय हा सगळा प्रदेश जा जा वुरुंग या इथल्या मूळनिवासी लोकांचा. युरोपीय झोपडीच्या खाली त्यांच्या वावराच्या खुणा असू शकतात, आणि त्यांचे संरक्षण वेगळ्या कायद्याने होते.

दुसरे कारण माझ्या पहिल्या खड्ड्याने शिकवलेले. ढिगातून काढलेल्या चकतीविषयी मला आज जे सांगता येते ते जवळपास सगळे तिच्या पाठीवर कोरलेले होते. जमीन जे सांगू शकली असती ते मी दोन मिनिटांत पुसून टाकले. चुलाण्यातली वस्तू, ती दुसरी चकती असो वा नसो, राखेच्या वर आहे की खाली, दगडाच्या फटीत पडली की कोणी ठेवली, तिच्यासोबत आणखी काय आहे, हे सारे जागेवरच कळणार, आणि ते वाचायला माझ्याकडे ना शिक्षण होते ना हत्यारे. डिटेक्टरवाल्यांच्या पेट्यांत पितळेची बकले इतकी का दिसतात, याचा विचार केला तरी हे पटते. लोखंडी बकले गंजून जातात, घोड्याच्या सामानाची रोलर लावलेली लोखंडी बकले ओळखू न येणारे गोळे बनतात, आणि लोखंडाचा वाटणारा आवाज आम्ही सोडूनच देतो. म्हणजे आमच्या पेटीतला भूतकाळ पितळेचा, देखणा आणि एकेकटा असतो. मूळ जागी तो खिळ्यांच्या, पत्र्याच्या आणि राखेच्या संगतीत होता.

आम्ही उकरलेले तिन्ही खड्डे बुजवले, खिळे आणि पत्रा ज्याच्या त्याच्या खड्ड्यात परत टाकला, दगडांना हात लावला नाही. छायाचित्रे, जीपीएसचे आकडे, हाताने काढलेला नकाशा आणि पहिल्या तुकड्याची हकीकत, चुकांसकट, राज्याच्या वारसा खात्याला कळवली. गावाचे नाव इथे दिले आहे, पण जागा कोणती ते यापुढे कोणाला सांगणार नाही. सांगितले तर पुढच्या शनिवारी तिथे चार कॉइली फिरतील.

चकती सध्या आम्लरहित कागदात गुंडाळून, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह प्लास्टिकच्या डबीत ठेवली आहे. महिन्यातून एकदा उघडून पाहतो. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर क्लोराइडमुळे आतून गंज चालू आहे असे समजायचे आणि संवर्धकाकडे न्यायचे. अजून तसे काही दिसलेले नाही. ती माझी आहे असे मी म्हणत नाही, मागितली तर द्यायची आहे. डबीवरच्या चिठ्ठीत पहिल्यांदा ‘खोदकऱ्याचे बक्कल, १८५६’ असे लिहिले होते, ते खोडून आता असे लिहिले आहे: बकलाची एक चकती, ओतीव पितळ, फलंदाजाचे चित्र; रचना १८६० ची, वस्तू त्यानंतरची; उकरलेल्या ढिगातून, खोली अंदाजे वीतभर, जागा अर्ध्या मीटरच्या फरकाने; कडीत चामड्याचे तंतू, धुऊ नये; साप नाही; दुसरी चकती बहुधा जागेवर.